नानांच्या घड्याळात साखर कायम ११५

जूनमध्ये नाना साखर तपासायच्या स्ट्रिप घ्यायला आले नाहीत, आणि ते लक्षात येऊनही मी विचारलं नाही, म्हणून ही केस मला तिथूनच सांगायला हवी. गोव्यात फोंड्याला माझी फार्मसी आहे, सतरा वर्षं झाली, आणि एवढी वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की कुणाची बीपीची गोळी कधी संपते, कोण महिनाअखेरीला इन्सुलिन उधारीवर नेतं हे न लिहिता डोक्यात राहतं. नाना दर दीड-दोन महिन्यांनी ५० स्ट्रिपची डबी न्यायचे. मे महिन्यात नेली, मग जून गेला, जुलै गेला. मला वाटलं मुलाने ऑनलाइन मागवून दिल्या असतील, हल्ली सगळेच मागवतात.

नाना आमच्याच वाड्यावरचे. वय ६८, खाण कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरी. डायबिटीसला चौदा वर्षं झाली. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, शिवाय गेली तीन वर्षं दोन्ही वेळच्या जेवणाआधी मिक्स इन्सुलिनचं पेन. हे मुद्दाम सांगतेय कारण मेटफॉर्मिन एकटं घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन ही दोन्ही औषधं साखर खाली खेचतात, पोटात अन्न असो वा नसो. अशा माणसाला आपला आकडा माहीत असणं ही हौस नसते, गरज असते.

आणि नाना घुमट वाजवतात, म्हणजे तोंडावर चामडं ताणलेलं आमच्याकडचं मातीचं तालवाद्य. चाळीस वर्षं, आमच्या वाड्यावरच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्या त्यांच्याशिवाय उभ्या राहत नाहीत. उजव्या हाताची बोटं चामड्यावर, डावा तळवा मागच्या तोंडावर. आता विचार करा, ज्याची बोटं अशी तासन्‌तास चामड्यावर पडतात त्याने रोज त्याच बोटांच्या टोकाला सुई टोचायची. "बाय, चवथ जवळ आली की हात लावला तरी झणझणतं," असं ते मला दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते आणि मी फक्त हो हो केलं होतं. सुई नको असं वाटण्यात नानांचं काही चुकलं नव्हतं हे आधीच सांगते, कारण नंतर वाड्यावर बऱ्याच जणांनी त्यांनाच शहाणपण शिकवलं.

मुलगा शिपवर आहे, मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा कुठल्याशा पोर्टवरून घड्याळ घेऊन आला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, सुईशिवाय ब्लड शुगर. कंपनीचं नाव इथे देत नाही, आणि दिलं तरी उपयोग नाही कारण तेच घड्याळ दहा नावांनी विकलं जातं. बाबांचा त्रास वाचावा म्हणून पोराने स्वतःच्या पगारातून आणलं. काकी खूश, नाना तर दिवसातून दहा वेळा बटण दाबायचे.

पहिले तीन दिवस नानांनी स्वतः पडताळून पाहिलं, त्यांना आंधळा विश्वास ठेवणारे म्हणू नका. उपाशीपोटी मीटर ११८, घड्याळ ११२. दुसऱ्या दिवशी १०९ आणि ११४. तिसऱ्या दिवशी १२४ आणि ११७. कुणीही म्हणेल बरोबर आहे, मीही म्हटलं असतं. चौथ्या दिवशी ग्लुकोमीटर कपाटात गेला.

मग चवथ आली. दुसऱ्या दिवशी रात्री आरत्या घरोघर फिरत होत्या, आमच्याकडे पोचेपर्यंत दहा वाजून गेले. नानांनी सवयीप्रमाणे आठ वाजता इन्सुलिन घेतलं होतं, जेवण साडेआठला होईल या हिशोबाने, आणि जेवण राहूनच गेलं कारण पुढच्या घरून बोलावणं आलं. घामाने शर्ट भिजलेला, पण भाद्रपदातली रात्र, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पन्नास माणसं, सगळेच भिजलेले. मधेच त्यांनी घड्याळ दाबलं. ११६. मी बाजूलाच होते, मला स्क्रीन दिसली, आणि ते परत वाजवायला लागले.

झांज वाजवणाऱ्याला पहिल्यांदा कळलं. नाना ताल सोडून वाजवत होते. थोडंसं मागे, मग एकदम पुढे, मग हात चामड्यावर नुसताच ठेवलेला. त्याने झांज थांबवून त्यांच्याकडे बघितलं तर नानांची नजर माटोळीच्या एका नारळावर लागलेली आणि "नाना, कितें जालें?" विचारलं तर उत्तर नाही. मी आत पळाले, सासूबाईंचा ग्लुकोमीटर आणला, बोट पुसून टोचलं.

४६.

सत्तरच्या खाली गेलं की हायपो, चोपन्नच्या खाली म्हणजे मेंदूला साखर कमी पडायला लागली, गोंधळ, बोलणं अडखळणं, आणि थांबवलं नाही तर फिट येऊ शकते, माणूस बेशुद्ध पडतो. कुणीतरी घाईघाईने नेवरी त्यांच्या तोंडाशी नेली, भावना चांगली होती पण तळलेल्या सारणाच्या पदार्थात तूप-तेल असतं, त्याने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. मी तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून दिली, गिळता येत होतं म्हणून तोंडाने, बेशुद्ध माणसाच्या तोंडात असं काहीही घालायचं नसतं हे लक्षात ठेवा. पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ६३. परत तीन चमचे. मग ८९, आणि मग तिथेच बसवून वरणभात घातला. त्या सगळ्या वेळात घड्याळ त्यांच्या मनगटावरच होतं. मी दोनदा दाबून पाहिलं. ११४, ११७.

दुसऱ्या दिवशी मी ते घड्याळ मागून घेतलं. मला राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त मला समजून घ्यायचं होतं की पहिले तीन दिवस ते बरोबर कसं काय आलं. फोनवर त्याचं अॅप उघडलं, मेनूत खूप आत एक रकाना सापडला, तुमचं नेहमीचं ग्लुकोज. त्यात भरलेलं होतं ११५. मुलाला फोन केला तर म्हणाला हो, सेटअप करताना विचारलं होतं, बाबांच्या डायरीतून उपाशीपोटीचा आकडा बघून टाकला. मी तो खोडून १८० केला, घड्याळ नानांच्याच हातात परत बांधलं आणि दाबलं. १७६. त्याच मिनिटाला मीटरवर १३१. नाना समोर खुर्चीत बसलेले, त्यांनी दोन्ही आकडे बघितले, घड्याळाचा पट्टा सोडवला आणि टेबलावर उलटं ठेवलं, काही बोलले नाहीत. मुलाचं वाईट वाटत होतं त्यांना, स्वतःचं नाही.

मी ११५ परत भरून तीन आठवडे त्यांच्याकडून जोड्या लिहून घेतल्या, घड्याळ आणि मीटर एकाच वेळी, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. ३१ जोड्या झाल्या. मीटर ६२ पासून २६८ पर्यंत फिरला. घड्याळ १०३ च्या खाली आणि १२८ च्या वर एकदाही गेलं नाही. ३१ पैकी १७ वेळा फरक पंधरा टक्क्यांच्या आत होता, ऐकायला वाईट वाटत नाही ना? मग मी घड्याळाचा रकाना झाकला आणि प्रत्येक ओळीत नुसतं ११५ लिहिलं. १८ वेळा आत आलं. म्हणजे काहीही न मोजता, डोळे मिटून रोज एकच आकडा बोललात तरी तुम्ही त्या घड्याळापेक्षा एका वेळेने सरस ठरता. नानांची साखर बहुतेक सकाळी तिथेच असते म्हणून ते बरोबर वाटलं, आणि ज्या रात्री साखर तिथे नव्हती, ज्या एका रात्रीसाठी मोजायचं असतं, त्या रात्री ते चुकणारच होतं. तीन दिवस जुळलं म्हणून खरं, हा पडताळा किती फसवा आहे ते मला या ३१ ओळींनी शिकवलं. ग्लुकोमीटरसाठी जो आयएसओ १५१९७ हा २०१३ चा निकष आहे त्यात १०० आणि त्यावरच्या आकड्यांना १५ टक्के, शंभरच्या खाली १५ पॉइंट, एवढ्याच फरकात ९५ टक्के रीडिंगं यायला लागतात.

आता प्रश्न असा की मनगटावरून साखर कळणं मुळात शक्य आहे का, कारण ऑक्सिजन तर कळतो, कोविडमध्ये घराघरात ती बोटाची क्लिप आली होती. मला ग्राहक हेच विचारतात. मी त्यांना सोलकढीचं उदाहरण देते. कढीत सोलं किती पडलीत ते रंगावरून कळतं, मीठ किती पडलंय ते नुसतं बघून सांगा. हिमोग्लोबिनला रंग आहे आणि ऑक्सिजन चिकटला की तो रंग बदलतो, म्हणून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन दिवे पाडून क्लिप हिशोब लावते. ग्लुकोज बिनरंगी. शिवाय किती थोडं बघा, साखर १०० म्हणजे डेसिलिटरला (लिटरच्या दहाव्या भागाला) १०० मिलिग्राम, एका लिटर रक्तात एक ग्राम, अख्ख्या अंगातल्या पाचेक लिटर रक्तात मिळून एक चहाचा चमचा साखर. आपल्याला तो चमचा भरलेला आहे की अर्धा आहे ते कातडीबाहेरून ओळखायचंय, आणि मधे पाणी, चरबी, प्रोटीन, घाम, कातडीचं तापमान, सगळे त्याच प्रकाशात आपापली सावली पाडत असतात. निअर इन्फ्रारेडमध्ये ग्लुकोजची खूण आहे, पण ती पाण्याच्या खुणेखाली दबलेली. आमच्या हवेत जुलैमध्ये नुसतं बसलं तरी मनगट ओलं, तिथे काय होणार.

म्हणून मोठमोठे लोक यात अडकले. २००१ साली अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाचं घड्याळ खरोखर एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी घेऊन आलं होतं, हे आजच्या पोरांना माहीतच नसतं. हलका करंट देऊन कातडीतून द्रव ओढायचं आणि त्यातली साखर मोजायचं. पण आधी बोट टोचून त्याला आकडा द्यावा लागायचा, कातडी लाल होऊन खाजायची, घाम आला की रीडिंग गळायचं, आणि घाम तर हायपोतच येतो. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. मग २०१४ मध्ये गुगलने डोळ्यातल्या कॉन्टॅक्ट लेन्सची घोषणा केली, अश्रूंमधली साखर मोजणार म्हणून, २०१८ मध्ये बंद केलं कारण अश्रूंमधली साखर आणि रक्तातली साखर यांचा मेळ भरवशाचा बसेना. अॅपल याच्या मागे खूप वर्षं आहे अशी बातमी २०२३ मध्ये आली होती, लेझरचा प्रकाश कातडीखाली पाठवून परत येणारा वाचायचा असा मार्ग. एवढे पैसे आणि एवढी डोकी असलेल्यांना जे जमवायला इतकी वर्षं लागतायत ते दोन-तीन हजाराच्या घड्याळात कुठून येणार, हा साधा विचार मे महिन्यात कुणीतरी बोलून दाखवायला हवा होता, आणि वाड्यावर तो बोलणारी माणूस मीच असायला हवी होते.

पण आशा नाही असं मी म्हणणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती रामन इफेक्टबद्दल. तोच, सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेला, ज्याच्यासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करतो. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला की परत फिरणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि तो बदल प्रत्येक रेणूचा स्वतःचा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. म्हणजे ग्लुकोजला बिनरंगी असूनही सही करावीच लागते. २०२० मध्ये एमआयटी आणि सॅमसंगच्या संशोधकांनी डुकरांच्या कानाच्या कातडीतून हा ग्लुकोजचा ठसा थेट दिसतो हे दाखवलं. अडचण अशी की ही सही फार फिकट असते, ती वाचायला लेझर, संवेदनशील डिटेक्टर, लेन्स असं बरंच लटांबर लागतं, आणि ते मनगटावर मावेपर्यंत लहान करणं हेच खरं काम राहिलंय. होईल ते. ज्या दिवशी होईल त्या दिवशी माझ्या दुकानातल्या स्ट्रिपचा खप पडला तरी मी पेढे वाटेन, कारण गोव्यात हा प्रश्न घराघरात आहे. आयसीएमआर-इंडियाबचा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात देशात ११.४ टक्के प्रौढांना डायबिटीस, आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत वरती. चारातला एक. माझ्या काउंटरवर त्याहून जास्तच वाटतात.

तोपर्यंत ओळखायचं कसं? अमेरिकेच्या एफडीएने २१ फेब्रुवारी २०२४ ला सरळ इशारा दिला होता, कातडीला छिद्र न करता स्वतःच साखर मोजतं म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, असं एकही स्मार्टवॉच किंवा स्मार्ट अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, आणि चुकीच्या आकड्यावर औषध घेतलं तर जीव जाऊ शकतो. दंडाच्या कातडीत बारीक तार घालून बसवलेल्या सेन्सरचं रीडिंग जे घड्याळ नुसतं दाखवतं ते वेगळं, त्यात मोजणारा सेन्सर आहे, घड्याळ फक्त खिडकी. नानांच्या बॉक्सच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात होतंच लिहिलेलं, हे वैद्यकीय उपकरण नाही, फक्त वेलनेससाठी. भिंग लावून वाचलं मी ते.

पुढे काय केलं ते सांगते. डॉक्टरांकडे मी स्वतः नानांना आणि काकींना घेऊन गेले, ती ३१ ओळींची वही घेऊन. त्यांनी वही दोनदा वाचली, ग्लिमेपिराइड कमी केलं, संध्याकाळच्या इन्सुलिनचे युनिट उतरवले, आणि काकींकडे बघून म्हणाले ताट समोर आल्याशिवाय पेन उघडायचं नाही, घड्याळात आठ वाजले म्हणून नाही. मग चौदा दिवसांचा दंडावरचा सेन्सर लावला. तोही सुईनेच लागतो, एकदाच, आणि आत केसासारखी बारीक तार राहते ती पेशींमधल्या द्रवातली साखर वाचते, म्हणून रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असते. आताच्या चांगल्या सेन्सरांचा सरासरी फरक आठ ते दहा टक्क्यांच्या आसपास. एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास पडतो, दर पंधरा दिवसांनी कुठून आणणार, पण एकदाच लावला तरी खूप दिसतं. नानांचं पहाटे तीनला साठच्या घरात जात होतं, झोपेत, रोज नाही पण पाच रात्री. आणि सकाळी पातळभाजीबरोबर दोन पाव खाल्ले की अडीचशेच्या जवळ. उकड्या तांदळाची पेज घेतली त्या दिवशी एवढं चढलं नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत वरचं आणि खालचं मिसळून सरासरी बरी दिसत होती.

राहिला प्रश्न बोटांचा, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं. मी नानांना म्हटलं तुमचं टोचायचं पेन दाखवा. टोपी उघडली तर आतली सुई काळपट, टोक वाकलेलं. "कधी बदलली नाना?" तर म्हणाले, "डबी आणली तेव्हा." म्हणजे एक लॅन्सेट, ती टोचायची सुई, दीड-दोन महिने, बोथट सुईने कातडी फाडत होते, टोचत नव्हते. पेनावर खोली कमी-जास्त करायचा आकडा असतो तोही सगळ्यात वर लावलेला. सतरा वर्षांत मी किती पेनं विकली असतील, आणि टोपी उघडून दाखवली ती किती जणांना, विचार केला आणि बरं वाटलं नाही. लॅन्सेट दोन-तीन रुपयांचं असतं हो. खोली दोनवर आणली, नवी सुई घातली, आणि बोट ठरवलं, डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका, टोकाला नाही तर बाजूला, जिथे नसा कमी असतात आणि घुमटाचं चामडं कधीच लागत नाही. आधी कोमट पाण्याने हात धुवायचा, हात खाली सोडून झटकायचा. टोचलं. नाना म्हणाले, "झालं?"

घड्याळ ते अजून घालतात, पोराने आणलंय म्हणून, सकाळी देवळापर्यंत जाताना पावलं मोजतात त्याच्यावर. साखरेचं पान मुलाने व्हिडिओ कॉलवर बसून बंद करून दिलं. पहाटेचे आकडे डॉक्टर अजून जुळवतायत, गेल्या महिन्यात परत एकदा ६६ निघालं होतं, उशाशी ग्लुकोजची पूड ठेवलेली आहे आणि काकींना आता झोपेतसुद्धा त्यांच्या कपाळावरच्या घामाने जाग येते. गुरुवारी नाना आले, ५० स्ट्रिपची डबी घेतली आणि लॅन्सेटची डबी मी न विचारता स्वतःहून मागून घेतली.